नाना निरुत्तरेचे डोळे

रामलिंग एवढ्या पटकन कबूल झाला, तिथंच मला काहीतरी खटकलं. सकाळी पेपर काखेत मारून मी नांदेडला वजिराबादेतल्या त्याच्या घरी गेलो होतो तो खास त्याला छळायला. ‘आप्पा आगलावे’ या माझ्या, म्हणजे आता माझ्या न राहिलेल्या, तीन चौकटींच्या चित्रमालिकेत एक नवं पात्र आलं होतं. नाव नाना निरुत्तरे. कुणी काही सांगायला तोंड उघडलं की नाना मध्येच एक वाक्य टाकणार, मंडळी हसणार, आणि नाना उजव्या हाताची दोन बोटं कानामागं नेऊन अशी खाजवणार जशी काही तिथं टाळी अडकली आहे. पोट थोडं पुढं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी पेपर रामलिंगच्या मांडीवर उघडला आणि म्हणालो, "घे. बँकेत जन्म घालवलास, शेवटी पेपरात आलास." रामलिंगनं चष्मा चढवून पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. म्हणाला, "हाव की. मीच हाय हा." मी म्हणालो, "पोट बघ, पोट." तो म्हणाला, "पोटबी माझंच हाय, मल्लू. दुसऱ्याचं कुणाचं असतंय?" मग त्यानं पेपराची व्यवस्थित घडी घातली, ती आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि येताना केळ्यांची फणी घेऊन आला. "अर्धापूरची हायत. वहिनीला दे." निघताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या सगळ्या मैत्रीत रामलिंगनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता तो याआधी फक्त माझी आई गेली तेव्हा.

जिना उतरताना मला माझाच नियम आठवला. तो मी व्याख्यानांतून सांगायचो, लोक हसायचे, मीही हसायचो. नियम असा की ज्याचं चित्र असतं तो माणूस स्वतःला कधीच ओळखत नाही. तो पेपर घेऊन येतो, मांडी थोपटतो आणि म्हणतो, काय हाणलाय तुम्ही आमच्या साडूला! आयुष्यभर मी याच खुणेनं माणसं पक्की केली. जो येऊन दुसऱ्याचं नाव सांगेल तो पक्का. आणि ज्याचं चित्र नसतं तो कबूल व्हायला कधी कचरत नाही, त्याचं काय जातंय? मी जिन्यात थांबलो. केळ्यांची फणी डाव्या हातात होती. उजवा हात कुठं आहे म्हणून पाहिलं तर तो कानामागं होता. दोन बोटं. मी हात खाली घेतला. जिन्यात कुणी नव्हतं, तरी मी आजूबाजूला पाहिलं, आणि पाहताना मला दिसलं की हेही नाना करतो.

दुपारच्या आत लातूरला पोचायचं होतं, म्हणून घरी न जाता तसाच स्टँडवर आलो आणि केळ्यांसकट गाडीत बसलो. लातूरला मला नानाचे डोळे भरायचे होते. हे जरा सांगायला हवं. आमच्या मालिकेत नवं पात्र आलं की त्याला आधी बुबुळं नसतात. मोकळा चष्मा, नाहीतर मिटल्या पापण्या, नाहीतर पदर, मुंडासं, काहीतरी आड. पात्र उमेदवारीवर असतं. वाचकांनी घेतलं तर एक दिवस त्याला डोळे मिळतात, आणि मग ते कायमचं. नाही घेतलं तर ते आंधळंच निघून जातं, कुणाला चुटपुट लागत नाही. ही पद्धत माझी. कुणी तिला मूर्तिकारांची म्हणतं, मी म्हणत नाही. मला खरं तर डोळे काढायचा कंटाळा होता. हात थरथरायला लागला म्हणून मी मालिका लुंबिनीच्या हाती दिली तेव्हा पेपराच्या मालकांनी आग्रहानं एक अट घातली, की रेषा तिची असेल, पण नव्या पात्राची बुबुळं काका भरतील. मी नको नको म्हणालो. आतून मला फार बरं वाटलं होतं. अजून एवढं तरी माझ्याशिवाय अडतंय.

लुंबिनी मूळची उमरीची, लातुरात वाढलेली. वडील तिकडच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. पहिल्यांदा आली तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "काका, आप्पाची बायको बोलत का न्हाई?" मी म्हणालो, "बोलते की. चहा ठेवू का म्हणते." मला वाटलं पोरगी हसेल. ती म्हणाली, "ते झालंच. अजून?" पुढं तिनं त्या बायकोला, गोदाक्काला, स्कूटी शिकवली. पहिले काही दिवस वाचकांनी फोन करकरून कार्यालयाला वैताग आणला, गोदाक्काला गोदाक्का राहू द्या म्हणाले. मग एका शनिवारी गोदाक्का आप्पाला मागं बसवून बाजारात घेऊन गेली आणि आप्पाच्या मांडीवर भाजीची पिशवी होती. त्या दिवसापासून एकाचाही फोन नाही. जुन्या मालिकेत नवं माणूस आणणं म्हणजे भरलेल्या एस.टी.त चढण्यासारखं असतं. दारात उभं राहून जागा मागितली की सगळे पाय पसरतात. आधी नुसती पिशवी आत ठेवावी, मग एक पाय. नानाचंही तिनं तसंच केलं. सुरुवातीला नुसती चप्पल दिसली, उंबऱ्याबाहेर. मग चौकटीच्या कडेनं पोट. मग आवाज. मी रोज पेपर उघडून वाट बघायचो, वा पोरी, काय आणते आहेस! मला वाटतं सगळ्या नांदेडात नानाला एवढं मनापासून हसणारा मी एकटाच असेन.

लोह्याच्या पुढं कुणीतरी खिडकी उघडली आणि ऊन थेट तोंडावर आलं. मी डोळे मिटले, तर मिटलेल्या डोळ्यांपुढं एकेक माणूस यायला लागला. कटिंगच्या दुकानातला पोरगा, त्याला मी सांगितलं होतं, नाना म्हणजे आमचा रामलिंग. तो कात्री थांबवून म्हणाला होता, "असं व्हय? मला वाटलं..." आणि परत कात्री चालवली. औषधाच्या दुकानातल्या आनंदराजला सांगितलं. तो गोळ्यांच्या पाकिटावर सकाळ-संध्याकाळ लिहीत होता, वर न बघता म्हणाला, "तुमची नजर बारीक हाय, साहेब." फिरायला येणाऱ्या मंडळींना तर मी नानाची नक्कल करून दाखवली. नक्कल इतकी हुबेहूब झाली की कुणी हसलंच नाही. मला तेव्हा वाटलं, यांना कळली नाही. मी पुन्हा केली. आता गाडीत, लोक माझ्याकडं बघत नसताना, माझे कान तापले. वय झालेल्या माणसाचे कान तापतात तेव्हा दिसत नसावेत, अशी एक आशा असते.

पण हे काहीच नव्हतं. पोट माझं, चष्मा माझा, बोटं माझी, ठीक आहे. मीही लोकांची पोटं उचललीच होती. खरं मला अहमदपूर मागं पडल्यावर आठवलं, आणि मी ते परत विसरायचा प्रयत्न केला, पण गाडीत दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. लुंबिनी आमच्याकडं नांदेडला नानाची कच्ची चित्रं दाखवायला आली होती. जेवायलाच थांबवली. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, बायकोनं, महानंदानं केलेलं तिळाचं कूट. आमची ऋतुजा तेव्हा घरीच होती. ती औशाला कॉलेजात शिकवते, सासर औशाचंच, ये-जा एस.टी.नं, ती खिडकीशीच बसून. यावेळी आली ती जरा जास्तच कपडे घेऊन आली होती. ते मला दिसलं होतं. मी त्यावरही काहीतरी बोललो होतो, दुकान टाकायचंय का असं काहीतरी. जेवता जेवता ऋतुजानं ताटातच बघत म्हटलं, "बाबा, मी आता औशाला परत..." आणि मी म्हणालो, "मग डेपोत कळवायला पाहिजे, खिडकीची एक जागा रिकामी झाली म्हणून!" महानंदाला ठसका लागला, हसून की कशानं माहीत नाही. लुंबिनी तोंडावर हात ठेवून हसली. ऋतुजाही हसली. हो, ऋतुजाही हसली, मला चांगलं आठवतंय, कारण हसली म्हणून मी दुसरी भाकरी घेतली. मग ती उठून हात धुवायला गेली. वाक्य तिथंच राहिलं. ती अजूनही आमच्याच घरी आहे. सकाळी ती मला चहा देते, मी तिला पेपर देतो. ‘परत’च्या पुढं काय होतं ते मी विचारलं नाही, कारण त्यानंतर तिनं सांगितलं नाही.

आणि नानाच्या एका पट्टीत हे सगळं आलं. पहिल्या चौकटीत एक पोरगी उंबऱ्यात उभी, म्हणते, "नाना, मी आता तिकडं परत..." दुसऱ्या चौकटीत नाना म्हणतो, डेपोत कळव, खिडकीची जागा रिकामी झाली. सगळे हसतात. तिसऱ्या चौकटीत सगळे निघून गेलेले. ओटा रिकामा, आणि पोरीच्या डोक्याजागी हवेत नुसता बोलण्याचा फुगा, आत काही नाही. ही पट्टी छापायच्या आधी लुंबिनीनं मला कार्यालयात दाखवली होती. मी पोट धरून हसलो. म्हणालो, "पोरी, हे खिडकीचं वाक्य झकास हाय. कुठं सापडलं तुला?" लुंबिनी माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "काका, एक सांगायचं होतं." मी म्हणालो, "मानधन वाढवायचं माझ्या हातात न्हाई बाई, मालकाला विचार." ती हसली. टॅब बंद केला. मी माझंच वाक्य ओळखलं नव्हतं. ते ताटावर माझ्या तोंडातून गेलं आणि मी हात धुतला, संपलं. दुसरीनं ते उचलून जपून ठेवलं. आणि तिसरीला ते लागलं होतं.

चाकूर येईपर्यंत मी नानाला मारायचं ठरवून टाकलं. मालिकेतलं माणूस मारायला रक्त लागत नाही. त्याची बदली करता येते, मुलाकडं पुण्याला पाठवता येतं, काहीच न करता नुसतं यायचं थांबवता येतं. मी कारणंही तयार केली. पात्र एकसुरी आहे. ग्रामीण वाचक तुटेल. तिसरी चौकट फार उदास आहे, सकाळी चहाबरोबर कुणी उदास होत नाही. तिन्ही कारणं इतकी चांगली होती की मला त्यांची लाज वाटली. मग मनात म्हटलं, मारायला नको, जरा बरा करू. पोट थोडं आत. एखाद्या पट्टीत पोरीला ‘काय म्हणालीस?’ असं विचारू दे. आणि हे मनात येतंय तोच मला माझ्या नियमात कधीच न बसलेले आमचे जुने वाचक श्रीमंतराव आठवले, मोंढ्यात धान्याची आडत होती त्यांची. ते रागावून यायचे, चहा प्यायचे, चित्रातला तो तुम्ही नाही असं माझ्याकडून तीनदा वदवून घ्यायचे, आणि दारात चपला घालता घालता हळूच म्हणायचे, तेवढं पोट जरा कमी काढा, आमच्या पोरीचं लग्न जमायचंय. ते गेल्यावर मी आणि रामलिंग किती हसायचो. गाडी चाकूरच्या स्टँडात वळली तेव्हा मी श्रीमंतरावांसारखाच पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो.

लातूरला कार्यालय औसा रोडला, एका कापडाच्या दुकानाच्या वर. लुंबिनीनं खुर्ची ओढून दिली, पाणी दिलं. केळी बघून म्हणाली, "अरे वा, काका आज लाच घेऊन आले." मला उत्तर सुचलं. मी ते दिलं नाही. तिला ते जाणवलं असावं, कारण तिनं लगेच टॅब समोर सरकवला. नाना मोठा करून ठेवला होता, माझ्या तळहाताएवढा. चष्म्यात पांढरं. त्या पांढऱ्यात बघत मी म्हणालो, "लुंबिनी, हा मीच हाय का?"

ती एवढ्या पटकन बोलली की तिनं हे आधी पाठ करून ठेवलं असणार. "न्हाई हो काका. एकाचं नाक असतंय, दुसऱ्याची चाल, तिसऱ्याची बोली. तीन घरांतून माणूस गोळा करावा लागतोय."

हे माझं वाक्य होतं. श्रीमंतरावांना मी हेच सांगायचो, शब्द न् शब्द. तिला मीच शिकवलं होतं की नवं पात्र असं करावं, आणि कुणी विचारायला आलं तर असं सांगावं. सांगताना मान थोडी हलवायची, तीही तिनं हलवली. मला कळलं, श्रीमंतरावांना सगळं कळत होतं. चहा का पाजतोय तेही त्यांना कळत होतं. तरी ते दर खेपेला ‘असं व्हय’ म्हणून उठायचे, कारण समोरचा खोटं बोलण्याचे कष्ट घेतोय, एवढा तरी मान आहे.

"असं व्हय," मी म्हणालो.

लुंबिनीनं मान खाली घातली. नखानं टेबलाची कड खरवडत राहिली. मग म्हणाली, "काका, मी त्या दिवशी सांगायचा प्रयत्न केला होता."

"हाव. मी मानधनाचं बोललो."

"हाव."

"ते चांगलं न्हवतं."

"बरं होतं," ती म्हणाली. "खिडकीचं जास्त चांगलं होतं."

आम्ही दोघं हसलो. खाली दुकानात कुणीतरी साडी फडकवून दाखवत होतं. लुंबिनी म्हणाली, "तुम्हाला नको असला तर मी काढून टाकते. खरंच. मालकाला सांगते, जमत न्हाई म्हणून. वाचकांना सवय लागायच्या आत गेलेला बरा."

"लागली न्हाई अजून?"

"लागली," ती म्हणाली. "लोक फोन करून राहिले. म्हणतात, हा आमचा काका हाय, हा आमचा मामा हाय. एक बाई म्हणाली, आमच्याकडं असे दोन हायत."

तिनं पेन माझ्या हातात दिलं. काचेवर लिहायचं पेन, ना वास ना शाई. टोक काचेवर टिकटिक वाजलं. बुबुळ म्हणजे एक ठिपका, पण तो कुठं पडतो त्यावर माणूस ठरतो. मधोमध ठेवला की पात्र वाचकाकडं बघतं, म्हणजे, बघा, कसं बोललो! डावीकडं सरकवला की त्याला उंबऱ्यातली पोरगी दिसते. केसाएवढं अंतर असतं. तेवढ्यात नानाचा अख्खा स्वभाव बदलतो. वाचकांना वाटेल, अरे, हा बोलतो तसा नाही, आतून मऊ आहे. मी टोक धरून बसलो. मला नानाला डावीकडं बघायला लावायची फार इच्छा झाली. इतकी की टोक थोडं तिकडं सरकलंही.

लुंबिनी हळूच म्हणाली, "काका, जरा डावीकडं घेता का? तिच्याकडं बघून राहिलाय असं वाटंल. चालतंय तसंबी." ती मला वाट देत होती. नांदेडहून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला पाणी द्यावं तशी.

"न्हाई," मी म्हणालो. "तो तिकडं बघत न्हाई."

आणि मी ठिपका मधोमध ठेवला. मग दुसरा. नाना निरुत्तरे माझ्याकडं बघायला लागला. त्याच्या तोंडावर वाट बघणं होतं, मी हसण्याची. एवढं लाचार तोंड मी कधी काढलं नव्हतं, आणि हेही मी काढलं नव्हतं, मी फक्त दोन ठिपके दिले होते.

लुंबिनीनं ते चित्र जपून ठेवलं. मग डेपोची पट्टी उघडली. डोळे मिळालेला नाना रविवारच्या पानावर पुन्हा छापायचा होता. तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "हा फुगा असाच रिकामा ठेवू ना? मालक म्हणून राहिलेत, त्यात काहीतरी घाला, लोकांना वाटंल छापायचं राहिलं."

"राहू दे रिकामा," मी म्हणालो. "त्यात काय होतं ते मला ठाऊक न्हाई."

केळी तिच्याकडंच ठेवली. ती नको म्हणत होती. मी म्हणालो, "लाचच हाय, घे." खाली आलो. रस्त्यापलीकडं औशाच्या गाडीची वाट बघत माणसं उभी होती, पिशव्या, पोरं, एक बाई डोक्यावर कोरी बादली घेऊन. मी कापडाच्या दुकानाच्या सावलीत उभा राहिलो आणि ऋतुजाला फोन लावला. मी तिला कधी फोन करत नाही, तिची आई करते, मी मागून ओरडतो.

"बाबा?" ती म्हणाली. "तुम्ही फोन केला? कोण गेलं?"

मला हसू फुटलं. वेळ अचूक होती, एक शब्द जास्त नाही. मी तिला दाद देणारच होतो, आणि मग मला दिसलं की हे ती कुठून शिकली.

"कुणी न्हाई," मी म्हणालो. "ऋतुजा, त्या दिवशी जेवताना तू काय म्हणत होतीस?"

"कधी?"

"लुंबिनी आली होती तेव्हा. औशाला परत, असं म्हणालीस. त्याच्या पुढं."

पलीकडं आमच्या स्वयंपाकघरातला नळ ऐकू येत होता, कुणीतरी तो बंद केला. समोर औशाची गाडी आली, माणसं दाराकडं धावली, बादलीवालीनं बादली आधी खिडकीतून आत टाकली आणि जागा धरली. हे बघून माझ्या तोंडाशी एक वाक्य आलं. खिडकीचंच, पण मागच्यापेक्षा कितीतरी चांगलं. त्यानं ती नक्की हसली असती. अजूनही मला ते शब्द न् शब्द पाठ आहे.

मी बोललो नाही. तोंड कसं धरतात मला माहीत नव्हतं, म्हणून हातानं धरलं, भर रस्त्यात. माणसं बघत होती. गाडी भरली, सुटली. ऋतुजानं एकदा "बाबा, आहात ना?" असं विचारलं, मी नुसतं हूं केलं, आणि मग ती सावकाश, चुकत, परत मागं जात, सांगायला लागली.